रोझॅनच्या बाजूची फळी

रविवार, ८ जून. सिअॅटल बंदर.

दोन बाल्कन्यांमधल्या फळीची चावी प्रवाशांकडे नसते, रोमेलकडे असते, हे आज कळलं. रोमेल म्हणजे आमच्या रांगेतल्या केबिनी झाडणारा, अंथरुणं घालणारा माणूस. त्याने फळीच्या वर आणि खाली चावी फिरवली, ती दारासारखी मागे नेली आणि भिंतीला अडकवून टाकली. आमची आणि ओपलची बाल्कनी एक झाली. ओपल, माझी सासू, लगेच आपली खुर्ची ओढत आमच्या बाजूला येऊन बसली आणि म्हणाली, "हं. आता दुसरी."

दुसरी म्हणजे उजवीकडची. तिच्यापलीकडे माझा दीर कर्ट आणि जाऊ रोझॅन.

रोमेल म्हणाला, "दोन्ही केबिनींची संमती लागते, मॅडम."

"कर्ट!" ओपल ओरडली. "फळी काढतोय रे!"

पलीकडून कर्टचा आवाज आला, "विचारतो हं, मॉम." आत कुजबुज झाली. मग, "राहू दे सध्या. रोझॅनला वारा सोसत नाही."

वेसने, माझ्या नवऱ्याने, माझ्याकडे पाहिलं नाही. बोट सुटली तेव्हाही तो बंदराकडेच बघत होता. आणि वारा न सोसणारी रोझॅन अंधार पडेपर्यंत त्या फळीपलीकडे बाहेरच बसून होती. खुर्ची करकरत होती ना.

मी काम करते त्या रंगाच्या दुकानातल्या पोरींनी ही वही दिली आणि बजावलं, सगळं लिहून आण. तर नीट लिहिते. वेस आणि कर्ट या सख्ख्या भावांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्नं केली होती. वेसची जॅनिस, कर्टची रोझॅन. जॅनिस आजारात गेली. दीड वर्षाने वेसने माझ्याशी लग्न केलं. तेव्हापासून रोझॅन आमच्या घरी येत नाही, आम्हाला बोलावत नाही. भावाभावांत काही नाही, दोघे यॅकिमाच्या त्याच सफरचंदाच्या बागेत रोज एकत्र राबतात. फक्त सणाला दोन वेगळी टेबलं मांडली जातात, आणि ओपल बिचारी दोन्हीकडे टर्की खाऊन पोट बिघडवून घेते. या वाढदिवसाला तिने जाहीर केलं की मला भेटवस्तू नकोत, सगळ्यांनी मिळून अलास्का दाखवा. तिला नाही कोण म्हणणार?

केबिनी तिनेच निवडल्या. आम्हाला मधली, स्वतःला टोकाची. "माझ्या कमरेला लिफ्ट जवळ हवी," म्हणाली. लिफ्ट दुसऱ्या टोकाला, रोझॅनच्या दारासमोर आहे. बुकिंगवाल्याने घोळ घातलेला दिसतो.

सोमवार, ९ जून. समुद्रात.

फळी जमिनीपर्यंत टेकत नाही. खाली वीतभर फट आहे. त्या फटीतून मला राखाडी लोकरीचे मोजे दिसतात. खुर्ची अगदी फळीला चिकटवून बसते ती. एवढी मोठी बाल्कनी सोडून तिथेच का? कानोसा घेते, दुसरं काय.

आज नाश्त्याच्या वेळी वेसने त्या टाय लावलेल्या वेटरची नक्कल केली. तो लोण्याचा तुकडा ताटात ठेवतो तो असा, जणू तान्हं बाळ पाळण्यात ठेवतोय. मला हसू आवरेना. पलीकडे खुर्ची खरकन सरकली, काचेचं दार धाडकन बंद. दुपारी ओपलने तिच्या शेजारणीच्या विगचा किस्सा सांगितला. मी हसले, पुन्हा दार धाडकन.

म्हणजे मी हसले की बाईसाहेब आत जातात. मी सुखात दिसले की तिच्या पोटात दुखतं. रडवेली सून हवी होती की काय या लोकांना?

वेसला म्हटलं, "पाहिलंस?" तो म्हणाला, "वारा असेल." मग दुर्बिणीशिवायच लांब बघत बसला. त्याचंही असंच आहे. मला हसवतो, आणि मी हसून झाले की गप्प होतो.

एक गोष्ट लिहूनच टाकते, इथे कोण वाचणार आहे. मला रोझॅनचा राग येतो त्याहून जास्त तिच्याबद्दल कुतूहल आहे. कारण जॅनिस कशी होती हे मला सांगू शकेल अशी ती एकटी आहे. वेस सांगत नाही. मी घरात आले त्याआधीच फोटो माळ्यावर गेले होते. विचारलं की म्हणतो, "चांगली होती." एवढंच. चांगली तर आमची पोस्टमनबाईही आहे. मी रंगाच्या दुकानात आयुष्य घालवलेली बाई, मला राहवेना. एकदा फ्रिजमागे कोपऱ्यात नखाने भिंत खरवडली. वरच्या पांढऱ्याखाली पिवळा निघाला, अंड्याच्या बलकासारखा. त्याखाली हिरवा. पिवळा तिचा असणार असं मी ठरवून टाकलं आहे. असा रंग स्वयंपाकघराला लावणारी बाई नुसती "चांगली" नसते.

मंगळवार, १० जून. जुनो.

आज प्रयोग केला. दिवसभर हसायचंच नाही असं ठरवलं. पुरुष दोघे खेकडे खायला गावात उतरले. ओपल आणि मी बाल्कनीत. ओपल एकापाठोपाठ एक किस्से सांगत होती, मी नुसतं "हो का" म्हणत होते. शेवटी ती म्हणाली, "पोटात दुखतंय का तुझ्या?"

पलीकडची खुर्ची मात्र हलली नाही. राखाडी मोजे जागच्या जागी. म्हणजे माझं बरोबर होतं.

जेवणानंतर एक चमत्कार झाला. कठड्याच्या बाजूने, फळीच्या कडेपलीकडून एक हात आला. हातात दुर्बीण. आणि आवाज, "गरुड आहे. समोरच्या उंच झाडावर, डावीकडे."

एवढंच बोलली. मी दुर्बीण घेतली आणि ओपलला दिली. सासूसाठीच असणार.

"मला काय करायचंय ती?" ओपल म्हणाली. "माझ्या डोळ्यांना धड बशी दिसत नाही. तुला दिलीय ती."

मला नाही तसं वाटत. तरी गरुड पाहिला. त्याचं डोकं पांढरं नसतं, दुधावरच्या सायीसारखं असतं. दुर्बीण परत द्यायला हात पुढे केला, तर तिकडून आवाज आला, "राहू दे तुमच्याकडे. आमच्याकडे आणखी एक आहे."

ओपल डोळे मिटून हसत होती. तिला कसलं हसू आलं, देव जाणे.

बुधवार, ११ जून

पाऊस. हसले नाही. वेस विचारतो, "माझं काही चुकलं का?" संध्याकाळी फळीखालच्या फटीतून आल्याच्या वड्यांचा एक पुडा सरकत आमच्या बाजूला आला. चुकून सरकला असेल म्हणून मी पायाने परत ढकलला. थोड्या वेळाने तो पुन्हा आला.

गुरुवार, १२ जून. हिमनदी.

हे आजच लिहायला हवं.

सकाळीच कप्तानाने सांगितलं की बोट हिमनदीसमोर थांबवून हळूहळू फिरवणार, प्रत्येकाला आपापल्या बाल्कनीतून दिसेल. ओपलने रोमेलला बोलावलं आणि कठड्याशी उभी राहून पलीकडे ओरडली, "रोझॅन, मी आता ब्याऐंशीची होणार. मला माझी सगळी माणसं एका रांगेत उभी बघायची आहेत. नाही म्हणायचं असेल तर इकडे येऊन माझ्या तोंडावर म्हण!"

थोड्या वेळाने उत्तर आलं. "हिमनदीपुरतं."

रोमेलने चावी फिरवली. फळी मागे गेली आणि समोर ती. मी तिला मोठी, धिप्पाड समजत आले होते. आजवर दुरूनच पाहिलेली, चर्चच्या पटांगणात; बोटीवरही ती जेवण केबिनीतच मागवते. प्रत्यक्षात ती माझ्या खांद्याला येते. नाक लाल, टोपी कानांवर ओढलेली. आम्ही दोघींनी मान हलवली. ओपल मधे उभी राहिली. सगळ्यांच्या हातात वाटाण्याच्या सुपाचे मग.

त्या बर्फाचा निळा आमच्या दुकानातल्या कुठल्याही डब्यातून निघणार नाही. मी मनात तीनदा मिसळून पाहिला. सगळी बोट कुजबुजत बोलत होती. कर्ट केव्हापासून फोन उंच धरून उभा होता, बर्फ कोसळताना टिपायचाच म्हणून. आणि कोसळला. एका इमारतीएवढा कडा हळूच झुकला, पाण्यात गेला, आणि मग आवाज आला, छातीत बसणारा.

"मिळाला! मिळाला!" कर्ट नाचायला लागला. सगळे त्याच्या फोनवर वाकलो. तो बघत राहिला. मग म्हणाला, "हा माझा अंगठा आहे."

"कुठे?" ओपल.

"सगळीकडे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझा अंगठाच आहे."

दोन दिवस दाबून ठेवलेलं सगळं हसू एकदम बाहेर आलं. सूप सांडलं. थांबताच येईना. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी एकटीच हसतेय. कर्टचं तोंड उघडंच राहिलं होतं. वेस आपल्या हातांकडे बघत होता. ओपलने डोळे मिटून घेतले होते, गाणं ऐकताना मिटतात तसे. आणि रोझॅनचा चेहरा पांढराफटक. ती वळली आणि आत गेली.

पण आज मधे फळी नव्हती. मी तिच्या मागोमाग सरळ तिच्या केबिनीत शिरले.

"माझं काय खुपतं तुला?" मी म्हटलं. "लग्न केलं म्हणून माणसानं हसायचंही नाही का?"

ती पलंगाच्या कडेला बसली होती. "खुपत नाही गं," म्हणाली. "तू तिच्यासारखी हसतेस."

"कुणासारखी?"

"जॅनसारखी. हुबेहूब. शेवटी तो नाकातून आवाज येतो ना, तोसुद्धा."

मी समोरच्या खुर्चीवर बसले.

"तुमचं लग्न झालं तेव्हा मी केक घेऊन आले होते. खरंच भेटायला आले होते. पायरीवर पोचले आणि तू आत फोनवर कुणाशी तरी बोलताना हसलीस. मी केक तिथेच ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. कर्टला विचार, किती वेळ गाडी चालू करता आली नाही मला."

"तो केक तू ठेवलास? आम्हाला वाटलं चर्चमधल्या कुणी."

"खाल्लात ना?"

"अंगणातल्या रॅकूननी खाल्ला."

तिच्या तोंडून हुंदका आला की हसू, कळलं नाही. मी विचारलं, "मग दर वेळी दार आपटून आत का जातेस?"

"आत जाऊन रडते. मग तोंड धुऊन परत येते, पुन्हा ऐकायला मिळेल म्हणून. आणि दोन दिवस तू गप्पच. मला वाटलं आजारी पडलीस. आल्याच्या वड्या दिल्या तर त्याही परत ढकलल्यास."

बाहेर पुन्हा बर्फ कोसळला. आम्ही दोघींनी पाहिला नाही.

शुक्रवार, १३ जून. केचिकान.

आज मी रोमेलला सांगून दोन्ही बाजूंच्या फळ्या लावून घेतल्या.

काल रोझॅनशी बोलून हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, तासभर. मग विचार सुरू झाले. म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं. ओपलला, कर्टला. वेसला तर पहिल्या दिवसापासून. तो मला हसवतो आणि मग गप्प होतो, ते का, हे आता कळलं. तो मला हसवतो ते तिला ऐकायला. मी त्या घरात कोण आहे? माळ्यावर न गेलेला एक फोटो?

डावीकडच्या फळीवर टकटक झाली. ओपल. "बाई, रागावलीयस का माझ्यावर?"

"हो," मी म्हटलं. "तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"काय सांगणार होते? तू पहिल्यांदा माझ्या घरी हसलीस तेव्हा हातातली बशी खाली ठेवावी लागली मला. पण ऐक. जॅन माझ्याशी कधी वाद घालायची नाही. गोड पोर होती, पण प्रत्येक गोष्टीला 'हो ओपल'. तू सुपात मीठ कमी आहे म्हणून माझ्याशी भांडलीस, माझ्याच घरात, माझ्याच वाढदिवसाला. तुझं हसणं तिच्यासारखं असेल. तुझं भांडण तुझंच आहे. आता फळी उघड, मला एकटीला कंटाळा येतो."

"उद्या," मी म्हटलं.

"बघ!" ती म्हणाली. "हेच म्हणत होते."

मग वेसला डेकवर घेऊन गेले. लोक चालत फेऱ्या मारत होते, आम्हीही मारल्या. मी सरळ विचारलं, "माझ्या हसण्याशी लग्न केलंस का?"

त्याने एक अख्खी फेरी पूर्ण केली. मग म्हणाला, "दुकानात मागे वळून पाहिलं ते हसण्यामुळे. खोटं नाही सांगत. काउंटरवर कुणाचा तरी डबा सांडला होता आणि तू हसत होतीस."

"मग?"

"मग मी राखाडी रंग मागितला, आणि तू म्हणालीस, हा रंग मी विकणार नाही, हे भांडी धुतलेलं पाणी आहे. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. मला असा राग आला! घरी जाताना हसणं-बिसणं काही आठवत नव्हतं, फक्त तुला काय उत्तर द्यायला हवं होतं ते सुचत होतं. दुसऱ्या दिवशी ते उत्तर द्यायला परत आलो."

"काय उत्तर होतं?"

"आठवत नाही. तू तेवढ्यात मला पांढरा विकलास."

मी हसले नाही. मुद्दाम नाही, आलंच नाही. म्हटलं, "अजूनही ऐकू येते का ती, मी हसले की?"

"येते," तो म्हणाला. "पहिला क्षणभर. मग तू असतेस."

मला आवडावं असं उत्तर हे नव्हतं. पण दुसरं कुठलं दिलं असतं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. आणखी तीन फेऱ्या मारल्या. त्याचा हात गार होता, मी धरून ठेवला.

शनिवार, १४ जून. परतीच्या वाटेवर.

सकाळी रोमेलला बोलावून दोन्ही फळ्या उघडायला लावल्या. तो एवढंच म्हणाला, "आता नक्की ना, मॅडम?"

रोझॅनला म्हटलं, "आज मला जॅनिस सांग. चांगली होती एवढं सोडून."

ती दिवसभर सांगत होती. जॅन पत्त्यांत लबाडी करायची आणि पकडली गेली की देवाची शपथ घ्यायची. बदकांना घाबरायची. अॅपल-पाय या गोड पदार्थाचं आवरण तिला कधी जमलं नाही, विकत आणून स्वतःचं म्हणून वाढायची. आणि स्वयंपाकघर तिने वेस गावाला गेलेला असताना पिवळं करून टाकलं.

"त्याखाली हिरवा आहे," मी म्हटलं.

रोझॅन बघत राहिली. "तुला कसं कळलं?"

नख दाखवलं. ती हसत सुटली. तिचं हसणं जॅनसारखं नाही, बारीक आहे, शिट्टीसारखं. सख्ख्या बहिणीचं नाही आणि माझं आहे, हे कसं होतं? कुणाला तरी विचारायला हवं.

ओपल अख्खी बाल्कनी या टोकापासून त्या टोकापर्यंत काठी टेकत फिरत होती. तिच्या कमरेला काहीही झालेलं दिसत नाही.

शनिवार, २८ जून. घर.

रोझॅन आली. कर्ट तिला फाटकाशी सोडून बागेत गेला. पायपुसण्यावर ती एवढा वेळ पाय पुसत राहिली की मीच म्हटलं, "झिजेल ते." मग ती आत आली.

स्वयंपाकघर बघून म्हणाली, "पांढरा बरा दिसतो."

"खोटं बोलू नकोस. वेसने एकट्याने लावलाय, ब्रशचे फटकारे दिसतात."

कॉफी ओतली. तिने न विचारता, न बघता, डावीकडचा दुसरा खण ओढून चमचा काढला. आणि थबकली. मीही थबकले. क्षणभर टोचलं, खरं सांगते. हे घर माझ्यापेक्षा तिच्या हाताला जास्त ठाऊक आहे. मग वाटलं, बरंच आहे की, निदान कुणाला तरी विचारता येईल.

"ये इकडे," मी म्हटलं, आणि तिला मागच्या दाराशी नेलं. "हे बटण कशाचं आहे? मी आले तेव्हापासून बघतेय. दाबलं तरी घरात काही होत नाही, मग लगेच बंद करते. इलेक्ट्रिशियन म्हणाला, तार बाहेर कुठेतरी जाते. वेस म्हणतो, असेल काहीतरी."

रोझॅनने बटणावर बोट ठेवलं. "असेल काहीतरी म्हणतो? कोठाराच्या छपराखाली चांदणी आहे, दिव्याची. जॅनने बसवून घेतली. बागेत ओरडून ओरडून घसा बसतो, म्हणायची. जेवण तयार झालं की चांदणी लावायची."

"भर दुपारी?"

"मीही तेच म्हटलं होतं. तो कायम उशिरा यायचा. म्हणायचा, उन्हात दिसतच नाही गं."

तिने बटण दाबलं. आम्ही दोघी कोठारापाशी धावलो. छपराखाली, पाकोळ्यांच्या घरट्याशेजारी धुळीने माखलेली पत्र्याची चांदणी होतीच. मी कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं. खालून काही कळेना, दिवा लागलाय की नुसती काच चमकतेय.

"लागला का?" मी विचारलं.

"तू उंच आहेस, तू चढ."

शिडी लावून चढले, दोन्ही हातांचा आडोसा करून डोळा लावला. एवढ्यात मागून पावलं वाजली. वेस बागेतून येत होता, जवळजवळ पळत. टोपी हातात, श्वास चढलेला. मला शिडीवर पाहिलं, मग खाली रोझॅनला. ती त्या अंगणात उभी आहे हे त्याला खरं वाटेना.

"चांदणी लागलेली दिसली," तो म्हणाला.

रोझॅनने कमरेवर हात ठेवले. "दिसते तुला? बागेतून? उन्हात?"

त्याने मान डोलावली.

"मग इतकी वर्षं उशिरा का यायचास रे?"

वेसने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. वर चांदणीकडे पाहिलं.

"वाटायचं, झाडांची अजून एक ओळ छाटून होईल," तो म्हणाला. "ती थांबेलच."

मी शिडीवरून उतरले. जेवण अर्थातच तयार नव्हतं. तिघांनी मिळून अंडी केली आणि उभ्याउभ्याच खाल्ली.